दोन प्लाझ्मा

अम्मीच्या पायाची जखम मधुमेहामुळे भरत नव्हती. रोज पट्टी बदलायचे काम माझ्याकडे होते. तेव्हा एका डॉक्टरांकडून ऐकले, की प्लेटलेट भरपूर असलेला प्लाझ्मा वेगळा काढून अशा जखमांवर लावतात. मी पडलो कवी, बी.ए. झालेला. औषधापेक्षा शब्दाच्याच मागे लागलो.

प्लेटलेट म्हटले की आपल्याला डेंग्यू आठवतो. 1882 मध्ये इटलीतल्या ज्युलिओ बिझोझेरोने हे कण वाहत्या रक्तात पाहिले आणि रक्तवाहिनी दुखावली की तेच तिथे चिकटतात, हे दाखवले. पुढे बराच काळ रक्त थांबवणारे एवढीच त्यांची ओळख राहिली. 1974 मध्ये अमेरिकेत रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की प्लेटलेटमधून पेशींची वाढ करवणारा पदार्थही बाहेर पडतो. म्हणजे बांध घालणारेच गवंडीही निघाले! पण हा पदार्थ जखमेवर नुसता ओतला तर फार टिकत नाही. काही पाझरत्या पाण्याबरोबर जातो, काही तिथेच नष्ट होतो. त्याला धरून ठेवणारे काहीतरी हवे.

ते मिळाले सूतकताईतून. पॉलिमरच्या द्रावणाला मोठा विद्युतदाब दिला की थेंबातून बारीक धार सुटते आणि वाळून तिचा तंतू होतो. अँटन फॉर्महाल्स याने अशा कताईचे पेटंट 1934 मध्ये घेतले, तेही कापडधंद्यासाठी. आज हे तंतू केसाच्या शंभराव्या भागाहून बारीक निघतात. पेशींना ही जाळी शरीरातल्या नैसर्गिक जाळीसारखी वाटते. मात्र पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा तंतू पाण्याला जवळ करत नाही. त्यावर प्रथिने नीट बसत नाहीत.

इथे दुसरा प्लाझ्मा येतो. 1928 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर याने विजेने पेटलेल्या वायूला हेच नाव दिले. रक्तातला द्रव जसा पेशी वाहून नेतो, तसा हा वायू विद्युतभारित कण वाहतो, असे त्याला वाटले होते. ही आठवण त्याचा सहकारी मॉट-स्मिथ याने 1971 मध्ये लिहून ठेवली. शास्त्रज्ञाला सुचलेली ती उपमाच होती. मला तर हेवा वाटला.

2017 मध्ये रशियातील नोव्होसिबिर्स्क आणि चेक प्रजासत्ताकातील ब्रनो इथल्या संशोधकांनी दोन्ही प्लाझ्मा एकाच तंतूवर आणले. आधी वायूच्या प्लाझ्माने तंतूंवर कार्बोक्सिल गटांचा पातळ थर चढवला. मग रक्तातल्या प्लाझ्माची प्रथिने त्या गटांशी रासायनिक बंधाने बांधली. अशा जाळीवर माणसाच्या मूळपेशी कोऱ्या तंतूंपेक्षा चांगल्या जगल्या, वाढल्या.

अर्थात हे प्रयोगशाळेतल्या बशीत घडले. जखमेत साखर असते, जंतू असतात, चालणाऱ्या माणसाचे वजन असते. अम्मीची जखम शेवटी साध्या पट्टीनेच भरली, साखर आटोक्यात आल्यावर. त्याला आठ महिने लागले.