फेसाची किंमत

सॅक्सनीच्या खाणींतील मजुरांना एक भूत फार छळीत असे. रुप्यासारखे दिसणारे खनिज भट्टीत घालावे, तो चांदीऐवजी विषारी धूर निघे. हे ‘कोबोल्ड’ नावाच्या पिशाच्चाचेच काम, असे ते म्हणत. पुढे अठराव्या शतकात ब्रांट या स्वीडिश रसायनज्ञाने एक नवा धातू शोधून काढला, आणि पिशाच्चाचे नाव त्याला कायमचे चिकटले – कोबाल्ट! ब-१२ जीवनसत्त्वात हाच असतो. म्हणजे कणभर तो आपल्या देहालाही हवाच.

कॅनडातील क्वेबेक शहरात १९६५ च्या ऑगस्टपासून कर्ते पुरुष धापा टाकीत इस्पितळात येऊ लागले. हृदय फुगलेले, चेहरा निळसर. पुढील एप्रिलपर्यंत पन्नासेक रोगी झाले. त्यांतले वीसेक दगावले. प्रथम बेरीबेरीचा संशय आला. पण ब-१ देऊन म्हणावा तसा गुण येईना. डॉक्टर ईव्ह मोरँ व त्यांचे सहकारी चौकशीला लागले. सगळेच रोगी बीअरचे अट्टल भोक्ते! शवविच्छेदनात कंठग्रंथीवर कोबाल्टच्या खुणा दिसल्या, आणि उलगडा झाला. पेले धुण्याच्या नव्या साबणी द्रव्यांनी बीअरचा फेस मरे. तो टिकावा म्हणून कोबाल्टचे क्षार घालीत. आणि ते घालू लागल्यावर महिन्याभरातच पहिला रोगी आला होता. मार्च १९६६ अखेर कारखान्याने लक्षावधी लिटर बीअर ओतून दिली. दोष मात्र कबूल केला नाही.

कोबाल्ट हृदयाच्या पेशींना अन्नातून शक्ती काढू देत नाही. पण पंडुरोगावर त्याच्या कितीतरी मोठ्या मात्रा डॉक्टर देत, आणि त्या रोग्यांची हृदये शाबूत राहत! मग हीच का खचली? पोटात दारू फार आणि सकस अन्न थोडे, त्यात हा धातू. तिघांनी मिळून घात केला, असे जाणते मानतात. मला तरी या साऱ्या कथेत ती रिकामी ताटेच अधिक बोचतात.

भूत तेवढ्यावर थांबले नाही. २०१२ मध्ये जर्मनीतील मारबुर्गला एक गृहस्थ खचलेले हृदय, मंद दृष्टी व बहिरेपणा घेऊन आले. त्यांचा खुब्याचा सिरॅमिकचा कृत्रिम सांधा मोडला होता, म्हणून धातूचा बसविला होता. जुन्याचे राहिलेले कण तो झिजवीत होते. डॉक्टरांना दूरचित्रवाणीवरील एका मालिकेतला असाच रोगी आठवला. (मुलांनो, हे घरी सांगून टीव्ही मागू नका!) सांधा बदलला, रक्तातला कोबाल्ट उतरला, हृदय बरेचसे सावरले. दृष्टी आणि श्रवण मात्र फारसे परतले नाहीत.