अजगराचं घर: घोंगडीपासून थर्मोस्टॅटपर्यंत

मंडळी, मोठा साप ठेवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: पेटी किती फुटांची? प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. का, ते कळायला लंडनला जाऊ. साल १८४९.

त्या वर्षी लंडन झूनं खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी घर उघडलं, जगातलं अशा प्रकारचं पहिलं. आता तिथली थंडी आणि त्यात उष्ण प्रदेशातले अजगर, बोआ! मग त्यांना घोंगड्या दिल्या. १८५१ मध्ये एका बोआनं घोंगडीच गिळली आणि महिनाभरानं बाहेर काढली. हसू येतं, पण खरी गोम पुढे आहे. घोंगडी असलेली ऊब धरून ठेवते, नवी तयार करत नाही. आणि साप आपल्यासारखी अंगात ऊब बनवत नाही. (अंडी उबवणारी अजगरीण अंग थरथरवून बनवते, पण ती गोष्ट वेगळी.) गार पडलेल्या अजगराला गिळलेला ससा पचत नाही, पोटातच कुजतो.

मग संबंध पिंजराच तापवला तर? तेही घातकच. सापाला ऊन हवं तेव्हा ऊन लागतं आणि सावली हवी तेव्हा सावली.

हे नीट ओळखलं जोन प्रॉक्टर यांनी. शाळेत असताना या मुलीनं छोटी मगर पाळली होती, बोला! १९२३ मध्ये त्या झूच्या क्युरेटर झाल्या. तब्येत कायम नाजूक, तरी नव्या घराचा आराखडा त्यांनी आखला आणि ते १९२७ मध्ये उघडलं. एकाच पिंजऱ्यात विजेनं तापवलेला कोपरा आणि दुसरीकडे थंडावा. काच अशी की अतिनील किरण आत यावेत. प्रेक्षक उभे राहतात ती जागा अंधारी, उजेड फक्त पिंजऱ्यात.

आजच्या चांगल्या पेटीतही तेच असतं. एक टोक साधारण ३२ अंश, दुसरं २६ च्या आसपास. दोन्हीकडे लपायला जागा. हीटरला थर्मोस्टॅट आणि जाळी, नाहीतर साप थेट त्यालाच वेटोळं घालून भाजून घेतो. साप पूर्ण लांब पसरेल एवढी जागा. आणि कुलूप! मोठा अजगर सैल झाकण सहज उचलतो.

पण एक सांगून ठेवतो. आपल्याकडचा अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. नियमांत येणारी परदेशी जात असेल तर परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. विकणारा 'काही होत नाही हो' म्हणेल, त्याच्यावर जाऊ नका.

प्रॉक्टर १९३१ मध्ये गेल्या, अवघ्या ३४ व्या वर्षी. त्यांचं ते घर मात्र जवळजवळ शतकभर वापरात राहिलं. झूनं नवं घर उघडलं ते थेट २०२४ मध्ये.