पाच भिक्खू आणि काळी जमीन

विनयपिटकाच्या महावग्गातलं पाचवं प्रकरण चामड्याचं आहे. भिक्खूंनी कोणत्या वहाणा घालाव्यात, कोणतं कातडं अंथरावं, असा त्याचा विषय. विषय रूक्ष वाटतो, म्हणून वाचणारे बहुधा पानं उलटून पुढे जातात. मराठवाड्याच्या मातीशी भिक्खूंच्या शिस्तीचं नातं साधार शोधायचं असेल, तर मात्र आरंभ याच प्रकरणापासून करावा लागतो. त्याच्या अखेरीस दक्षिणेकडच्या जमिनीचं वर्णन येतं. ती वरून काळी आहे, खरखरीत आहे, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. अट्ठकथा, म्हणजे या ग्रंथावरची जुनी पाली टीका, आणखी खुलासा करते, की खुरांखालून वर आलेला चिखल वाळला की काट्यासारखा टणक होतो. देगलूर, मुखेड किंवा औशाच्या शिवारात पाऊस सरल्यावर अनवाणी चाललेल्या माणसाला हा खुलासा लागणार नाही.

हे वर्णन बुद्धांचे शिष्य महाकच्चान यांचं. ते अवंती देशात, कुररघराजवळच्या पपात डोंगरावर राहत. सोण कुटिकण्ण हा त्यांचा उपासक. त्याला भिक्खू व्हायचं होतं. महाकच्चानांनी त्याला आधी परावृत्त केलं. एक वेळ जेवण, एकट्याचं अंथरूण, हे जन्मभर निभावणं कठीण आहे, घरी राहूनच काही काळ पाळून पाहा, असं ते म्हणाले. सोणाने पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा त्याला प्रव्रज्या, म्हणजे गृहत्यागाची पहिली दीक्षा, मिळाली. उपसंपदा, म्हणजे भिक्खू म्हणून पूर्ण दीक्षा, मात्र लगेच मिळाली नाही, कारण तिच्यासाठी दहा भिक्खूंचा गण लागत असे आणि त्या मुलखात भिक्खू फार थोडे होते. दहा जण गोळा करायला तीन वर्षं लागली, असं महावग्ग नोंदवतो.

पुढे वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी राहण्याचा काळ, आटोपल्यावर सोण बुद्धांच्या दर्शनाला श्रावस्तीला निघाला, तेव्हा गुरूने त्याच्याबरोबर पाच विनंत्या पाठवल्या. अवंती-दक्खिणापथात कमी भिक्खूंच्या गणाने उपसंपदा देता यावी. जमीन अशी टणक आहे, तेव्हा अनेक थरांच्या तळव्याची वहाण चालावी. इथले लोक आंघोळीला महत्त्व देतात, पाण्याने शुद्धी मानतात, म्हणून भिक्खूंना नेहमी आंघोळ करता यावी. मध्यदेशात गवताच्या चटया असतात तशी इथे मेंढी, शेळी, हरणाची कातडी अंथरतात, ती चालावीत. पाचवी विनंती चीवराच्या, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राच्या, मुदतीची होती. सीमेबाहेर असलेल्या भिक्खूसाठी कुणी चीवर दिलं, तर जादा चीवर जवळ ठेवण्याची दहा दिवसांची मुदत कधीपासून मोजायची?

बुद्धांनी पाचही विनंत्या मान्य केल्या. एवढंच सांगून हा प्रसंग संपवला जातो, पण पहिल्या परवानगीची शब्दरचना नीट पाहिली पाहिजे. दहाच्या जागी पाच भिक्खू पुरतील, मात्र पाचवा विनयधर हवा, म्हणजे नियम जाणणारा आणि ते सांगू शकणारा. संख्या निम्म्यावर आली, जाणतेपणाची अट मात्र त्याच वाक्यात घट्ट बसवली गेली. विनयाच्या सगळ्या इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी मला या एका वाक्यातून मिळते. मुलूख बदलला की वहाण, अंथरूण, आंघोळ बदलू शकते, गणसंख्याही बदलू शकते. ज्याला नियमाचं कारण ठाऊक आहे असा माणूस गणात नसेल, तर ती सवलतही उरत नाही.

अवंती म्हणजे माळवा, मग याचा नांदेड-लातूरशी संबंध काय, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर त्याच पाठात आहे. सवलत फक्त अवंतीपुरती दिलेली नाही, सगळ्या प्रत्यंत, म्हणजे मध्यदेशाबाहेरच्या, जनपदांना दिली आहे, आणि मध्यदेशाच्या हद्दी मोजून सांगितल्या आहेत. पूर्वेला कजंगल आणि त्यापुढे महासाल, आग्नेयेला सलळवती नदी, दक्षिणेला सेतकण्णिक, पश्चिमेला थूण हे ब्राह्मणगाव, उत्तरेला उसीरद्धज पर्वत. या रेषेपलीकडचं सगळं प्रत्यंत. अंगुत्तरनिकायातल्या सोळा महाजनपदांच्या यादीत विंध्याच्या दक्षिणेचं एकच नाव आहे, ते अस्सक. ते या रेषेच्या कितीतरी खाली पडतं.

अस्सक आपल्याला सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात भेटतं. त्याच्या प्रस्तावनेच्या गाथांनुसार बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण अस्सकाच्या प्रदेशात, अळकाजवळ, गोदावरीच्या काठी वेचलेल्या दाण्यांवर आणि फळांवर राहत होता. त्याने अजित, पुण्णक, मोघराज, पिंगिय असे सोळा शिष्य बुद्धांकडे प्रश्न घेऊन पाठवले. पहिला मुक्काम पतिट्ठान म्हणजे पैठण, मग माहिस्सती, उज्जेनी, वेदिस, कोसंबी, साकेत, श्रावस्ती, आणि शेवटी मगधातलं पासाणक चैत्य. अस्सकाची राजधानी पोतन, ती बहुतेक अभ्यासक आजच्या बोधनशी जुळवतात. बोधन तेलंगणात आहे, बिलोली तालुक्याच्या शेजारी, मांजरा ओलांडली की. पैठण आणि बोधन ही दोन टोकं धरली, तर नांदेडचा गोदाकाठ त्यांच्या दरम्यान येतो. नांदेडजवळ दाभड इथल्या महाविहाराच्या परिसराला बावरीनगर हे नाव मिळालं आणि पौष पौर्णिमेला तिथे धम्म परिषद भरू लागली, त्यामागे याच गाथांची स्मृती आहे.

आधार तोलूनच वापरायचा असेल, तर इथे एक गोष्ट सांगायला हवी. चुल्लनिद्देस हे पारायणवग्गावरचं जुनं भाष्य स्वतः पाली साहित्यात सामावलेलं आहे. ते सोळा प्रश्नांवर भाष्य करतं, पण बावरीच्या प्रस्तावनेवर करत नाही. म्हणून प्रश्न जुने आणि प्रस्तावना नंतरची, असं मानलं जातं. मूळ गाथांत नांदेडचं नाव नाही, आणि ते घुसवण्याची गरजही नाही. प्रस्तावना रचणाऱ्यांना बुद्धांकडे जाणारी वाट गोदावरीपासून सुरू होते असं सांगावंसं वाटलं, ती पैठणहून अवंतीमार्गे जाते हे त्यांना माहीत होतं, एवढा निष्कर्ष पुरेसा भक्कम आहे. महाकच्चानांची अवंती त्याच वाटेवर आहे. काळ्या जमिनीची तक्रार आणि गोदाकाठचे सोळा प्रश्न हे एकाच रस्त्यावरचे दस्तऐवज आहेत.

या सोळांपैकी मोघराज शिस्तीच्या इतिहासात वेगळा उठून दिसतो. अंगुत्तरनिकायात अग्रगण्य भिक्खूंची यादी आहे, तिच्यात जाडंभरडं चीवर धारण करणाऱ्यांमध्ये मोघराज श्रेष्ठ सांगितला आहे. थेरगाथेत बुद्ध त्याला विचारतात, की हिवाळ्याच्या थंड रात्री कशा काढशील? तो म्हणतो, मगधात पिकं भरपूर आली आहेत, इतरांसारखाच मीही पेंढ्याच्या आडोशाला सुखाने झोपेन. कडक नियम पाळणारा हा माणूस कुरकुरत नाही आणि आपल्या कष्टांची बढाईही मारत नाही. जग शून्य म्हणून पाहा, हा उपदेश त्याच्याच प्रश्नाला मिळालेला आहे. सर्वांत सूक्ष्म उपदेश आणि सर्वांत साधं वस्त्र एकाच भिक्खूच्या नावावर नोंदलेले असावेत, हे मला फार मोलाचं वाटतं. शील बाजूला ठेवून प्रज्ञेकडे जाता येतं असं मानणाऱ्यांनी ही नोंद वाचावी.

ग्रंथातले नियम प्रत्यक्षात कसे चालत, हे कळायला मात्र दगडाकडे जावं लागतं, आणि गोदावरीवरच, पण खूप वरच्या अंगाला, नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे लेणं कोरवून संघाला दिलं. त्याच्या लेखात बेचाळिसावं वर्ष आहे. त्याने गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा १ व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशोब करून पाहावा. २,००० वर शेकडा १ दराने वर्षाला २४० होतात, आणि वीस भिक्खूंचे बारा-बारा मिळूनही २४०च. एका पैचीही तफावत नाही. हा करार निगमसभेत ऐकवला गेला आणि नोंदवला गेला.

आता हा लेख विनयाशेजारी ठेवून वाचू. पातिमोक्ख म्हणजे भिक्खूंच्या नियमांची यादी. तिच्या थेरवादी पाठात २२७ नियम आहेत. त्यांतल्या तीस निस्सग्गिय, म्हणजे नियम मोडून घेतलेली वस्तू सोडून द्यायला लावणाऱ्या, नियमांमध्ये भिक्खूने सोनं-रुपं घेऊ नये, हा आहे. त्याच तिसांमधला दहावा नियम मात्र वाट दाखवतो. कुणी चीवरासाठी पैसे पाठवले, तर भिक्खूने सांगावं, की आम्ही पैसे घेत नाही, वेळेवर योग्य वस्त्र घेतो, आणि संघाचं काम पाहणाऱ्या गृहस्थाकडे बोट दाखवावं. त्या गृहस्थाला तीनदा आठवण द्यावी, सहा वेळा नुसतं मूकपणे उभं राहावं, त्याहून अधिक नाही. उषवदाताची रक्कम भिक्खूंच्या हाती न जाता श्रेणीकडे राहते, वर्षातून एकदा तिचं चीवर होतं, आणि तेही वर्षावास पाळणाऱ्यालाच. लेख कोरणाऱ्याने विनयाचा उल्लेख केलेला नाही, पण पैशाच्या वाटेतलं प्रत्येक वळण विनयाशी जुळतं. संघाची शिस्त टिकायची तर तिच्याभोवतीच्या गृहस्थांनाही ती ठाऊक असावी लागते, हे या २४० कार्षापणांतून दिसतं.

असे गृहस्थ मांजरेच्या खोऱ्यातही होते. तेरणेवरचं तेर म्हणजे ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची पेठ. तिथलं त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचं चापाकार चैत्यगृह होतं असं मानलं जातं, आणि विटांच्या स्तूपाचे अवशेषही गावात मिळाले. तेरणा पुढे लातूर जिल्ह्यात मांजरेला मिळते, आणि मांजरा कंदकुर्तीला गोदावरीत उतरते. औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांत तर सहाव्या शतकाच्या सुमारास बुद्धमूर्ती, शिव आणि विष्णू एकाच डोंगरात कोरले गेले. त्यानंतरच्या शतकांत संघ या मुलखातून मावळत गेला.

तो मावळला का, याचं एक उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विनयाच्याच अंगाने शोधलं. संघात येण्यासाठी विधी होता, धम्मात येण्यासाठी गृहस्थाला वेगळा दीक्षाविधी नव्हता, आणि ही उणीव ऱ्हासाच्या कारणांपैकी एक ठरली, असं त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि नंतर स्वतः लाखोंना दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञांसह. तेव्हा नांदेड, आणि लातूर ज्याच्यात मोडत होतं तो उस्मानाबाद जिल्हा, हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात आले.

भिक्खूंविषयी बाबासाहेबांचं मत कठोर होतं. १९५० साली महाबोधी नियतकालिकातल्या लेखात त्यांनी लिहिलं, की मोठा पण निष्क्रिय संघ निरुपयोगी आहे, थोडे पण सुशिक्षित, सेवा करणारे भिक्खू हवेत. काहींना हे मत परंपरेला सोडून वाटलं. मला त्यात काळ्या जमिनीवरच्या परवानगीचाच आशय दिसतो. पाच पुरेत, पण त्यांत जाणता हवा.

सोणाची अडचण आजही मराठवाड्यात जिवंत आहे. विहार गावोगावी झाले, भिक्खू थोडेच. समाजाने त्यावर स्वतःची वाट काढली. भारतीय बौद्ध महासभेच्या श्रामणेर शिबिरांत शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी काही दिवस मुंडन करून चीवर घालतात, दहा शीलं पाळतात आणि परत घरी जातात. घरी राहूनच काही काळ पाळून पाहा, हा महाकच्चानांचा सल्ला आठवावा. आषाढ ते आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज ग्रंथवाचन चालतं, आणि जिथे भिक्खू नाही तिथे गावातलीच एखादी ताई किंवा निवृत्त गुरुजी वाचतात. भिक्खूंसाठी आखलेले तीन महिने उपासकांनी आपले केले. शिस्त पातळ झाली असं मला यात वाटत नाही. वर्षावासाचा नियमसुद्धा लोकांमुळेच आला होता. पावसात हिरवं गवत आणि बारीक जीव तुडवत भिक्खू का हिंडतात, असं लोक बोलू लागले, तेव्हा तो झाला.

४ सप्टेंबर २०२४ रोजी उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचं लोकार्पण राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. तिथीने पाहता तो वर्षावासाचा काळ होता. अशा प्रसंगाची तरतूद महावग्गाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. कोसलात उदेन नावाच्या उपासकाने संघासाठी विहार बांधला आणि भिक्खूंना निरोप धाडला, या, मला दान द्यायचं आहे, धम्म ऐकायचा आहे, तुमचं दर्शन घ्यायचं आहे. भिक्खूंनी कळवलं, वर्षावास संपेपर्यंत थांबा, आम्हाला बाहेर पडता येत नाही. उदेन रागावला. मी दाता, मी संघाचा सेवक, आणि बोलावलं तर येत नाहीत? ही गोष्ट बुद्धांच्या कानावर गेली. तेव्हा नियम झाला, की उपासक किंवा उपासिकेने बोलावणं धाडलं, तर वर्षावासातही भिक्खूने जावं, बोलावणं नसेल तर जाऊ नये, आणि सात दिवसांत परतावं.