नाणेघाट व जुन्नर परिसरातील भिंतीलेख : छायाचित्र एक ऐतिहासिक साधन

प्रस्तावना :
ओस पडलेल्या वास्तूच्या भिंतीवर नाव लिहिण्याची प्रवृत्ती केवळ आधुनिक शहरांपुरती मर्यादित नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात दोन हजार वर्षांपूर्वीचे कोरीव लेख आणि अलीकडे पर्यटकांनी खरडलेली नावे ही दोन्ही लेण्यांच्या भिंतींवर आढळतात. या लेखनाची नोंद ठेवण्याच्या दृष्टीने छायाचित्रणाचे महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भिंतीलेखांचे स्वरूप :
सातवाहन काळात नाणेघाट हा कोकण व घाटमाथा यांना जोडणारा प्रमुख व्यापारी मार्ग होता. घाटातील लेण्याच्या डाव्या व उजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा मानला जाणारा ब्राह्मी लेख असून त्यात यज्ञ व दक्षिणा यांचा तपशील आहे. मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आदींच्या प्रतिमा होत्या. त्या नष्ट झाल्या असून केवळ वरील नामलेखांमुळे त्या कोणाच्या होत्या हे समजते. जुन्नरच्या दोनशेहून अधिक लेण्यांतील दानलेखांत धान्यव्यापारी, कासार व बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. राजघराण्याबरोबरच कारागिरांचा इतिहासही असा या भिंतींनीच जपला आहे.

नोंदींची परंपरा :
पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखांच्या नकला घेतल्या. जेम्स बर्जेस यांच्यासमवेत त्यांनी केलेला पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह 1881 मध्ये, तर ब्यूलर यांचे नाणेघाट लेखाचे वाचन 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. झिजलेल्या अक्षरांच्या वाचनासाठी अभ्यासकांना आजही जुन्या नकला व ठसे यांचा आधार घ्यावा लागतो.

आजची समस्या :
खडूने लिहिलेले नाव पुसता येते; परंतु टोकदार वस्तूने प्राचीन अक्षरावर कोरलेले नाव मूळ अक्षरच नष्ट करते. 1958 च्या कायद्यात संरक्षित स्मारकाच्या विद्रूपीकरणासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. 2010 च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, इतकी वाढविण्यात आली. तथापि शिक्षेने गेलेले अक्षर परत येत नाही.

छायाचित्रणाची उपयुक्तता :
बाजूने तिरपा प्रकाश टाकल्यास उथळ अक्षरांच्या कडा स्पष्ट होतात. एकाच जागेवरून, मोजपट्टी ठेवून व दिनांक नोंदवून ठरावीक काळाने छायाचित्रे घेतल्यास हानी केव्हा झाली हे सांगता येते. विशेष म्हणजे सफाईपूर्वी खरडलेल्या नावांचेही छायाचित्रण आवश्यक आहे. कारण त्यांतील तारखा हानीचा कालक्रम ठरविण्यास उपयोगी पडतात.

समारोप :
नाणेघाटात प्रतिमा गेल्या, नावे उरली. ती नावेही गेल्यास केवळ नोंदच उरेल. म्हणून जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी, पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीने, हे कार्य नियमितपणे हाती घेणे अगत्याचे आहे.