सौंदर्य प्रशिक्षण : कर्जाचा हप्ता आणि पहिल्या वर्षाची कमाई

तमिळनाडूमधील तंजावूर जिल्ह्यात, कुंभकोणमच्या ईशान्येस तिरुप्पनंदाळ हे नगर पंचायतीचे गाव आहे. अरुणजटेश्वराचे मंदिर आणि काशी मठ यांमुळे ते ओळखले जाते. अशा लहान गावांतून दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेल्या अनेक मुली ब्युटी पार्लरच्या व्यवसायाकडे वळतात. या व्यवसायाला भांडवल कमी लागते आणि घराजवळ राहून कमाई करता येते. तथापि प्रशिक्षणासाठी किती कर्ज घ्यावे, हा निर्णय अनेकदा संस्थेच्या जाहिरातीवरून घेतला जातो. वस्तुतः तो शिक्षणानंतर हाती येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या वेतनावरून घेणे योग्य ठरते.

प्रशिक्षणाचे तीन मार्ग

पहिला मार्ग ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा आहे. कर्नाटकातील उजिरे येथे 1982 मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर या संस्था देशभर स्थापन झाल्या. प्रत्येक जिल्ह्यातील संस्था सामान्यतः तेथील अग्रणी बँक चालवते. तंजावूरमध्ये ही जबाबदारी इंडियन ओव्हरसीज बँकेकडे आहे. ब्युटी पार्लर व्यवस्थापनाचे सुमारे महिनाभराचे हे प्रशिक्षण निःशुल्क असून निवास व भोजनाचा खर्चही संस्था करते.

दुसरा मार्ग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) सौंदर्यशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा आहे. तमिळनाडूतील शासकीय आयटीआयमध्ये शिकवणी शुल्क आकारले जात नाही व विद्यावेतनही मिळते. मात्र हा अभ्यासक्रम प्रत्येक संस्थेत उपलब्ध नसतो. तिसरा मार्ग खासगी अकादमीचा. कर्जाचा प्रश्न मुख्यत्वे येथेच उद्भवतो. जाहीर केलेल्या शुल्कात 18 टक्के वस्तू व सेवा कर, प्रसाधनांची पेटी आणि परीक्षा शुल्क समाविष्ट आहे किंवा नाही, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे.

कर्जाच्या अटी

केंद्र सरकारने 2015 मध्ये कौशल्य कर्ज योजना सुरू केली. तिची कमाल मर्यादा दीड लाख रुपये होती. 2024 मध्ये योजनेत सुधारणा करून ही मर्यादा साडेसात लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. हे कर्ज तारणाविना मिळते, कारण त्यास सरकारी हमी निधीचे संरक्षण असते. मात्र हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. हप्ते थकल्यास कर्जदाराचे दायित्व कायम राहते आणि भावी कर्जासाठीची पतही खालावते.

तमिळनाडूत शुल्कासाठी घरातील दागिने गहाण ठेवण्याचीही प्रथा आहे. असे कर्ज बहुधा वर्षभराच्या मुदतीचे असते. म्हणजे अभ्यासक्रम संपतो न संपतो तोच परतफेडीची वेळ येते, आणि ती चुकल्यास दागिन्यांचा लिलाव होऊ शकतो.

हप्त्याचा हिशेब

उदाहरणादाखल 11 टक्के व्याजदर आणि पाच वर्षांची परतफेड गृहीत धरू. एक लाख रुपयांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे 2,174 रुपये येतो आणि एकूण परतफेड सुमारे 1,30,450 रुपये होते. तीन लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे 6,523 रुपये होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी दरमहा 12,000 रुपये मिळतील असे मानल्यास पहिल्या कर्जात वेतनाचा 18 टक्के, तर दुसऱ्यात 54 टक्के भाग हप्त्यापोटी जाईल. शिक्षणाच्या व सवलतीच्या काळातील व्याज यात धरलेले नाही. एक लाखावर दीड वर्षाचे साधे व्याजच 16,500 रुपये होते.

या संदर्भात अमेरिकेतील निकष उद्बोधक आहे. तेथे या व्यवसायासाठी राज्याचा परवाना आवश्यक असतो आणि त्यासाठी साधारणतः हजार तास किंवा त्याहून अधिक प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यामुळे कर्जाचा प्रश्न तीव्र झाला. 2023 मध्ये तेथील शिक्षण विभागाने जाहीर केलेल्या नियमानुसार विद्यार्थ्यांच्या कर्जाचे वार्षिक हप्ते त्यांच्या वार्षिक उत्पन्नाच्या 8 टक्क्यांहून, किंवा दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपेक्षा अधिक असलेल्या उत्पन्नाच्या 20 टक्क्यांहून, जास्त नसावेत अशी कसोटी ठरविण्यात आली. यातील 8 टक्क्यांचा निकष वरील उदाहरणास लावल्यास दरमहा 960 रुपयांचा हप्ता परवडतो. तेवढ्या हप्त्यात केवळ 44,000 रुपयांच्या आसपास कर्ज फिटते.

उत्पन्नातील चढउतार

भारतात ब्युटिशियन होण्यासाठी अशा परवाना परीक्षेची सक्ती नाही. साहजिकच महागडे प्रमाणपत्र जवळ असणाऱ्यास आणि निःशुल्क प्रशिक्षण घेतलेल्यास एकाच बाजारपेठेत काम शोधावे लागते. शिवाय हे उत्पन्न हंगामी असते. तमिळ पंचांगातील आडि (जुलै-ऑगस्ट) आणि मार्गळि (डिसेंबर-जानेवारी) या महिन्यांत सहसा विवाह होत नाहीत. वधूच्या सजावटीवर अवलंबून असणाऱ्यांची या काळात कमाई घटते, परंतु बँकेचा हप्ता दरमहा द्यावाच लागतो. म्हणून विवाहाच्या हंगामातील नव्हे, तर मंदीच्या महिन्यातील उत्पन्न हिशेबासाठी धरावे.

प्रवेशापूर्वीची चौकशी

मागील तुकडीत किती विद्यार्थिनींनी प्रवेश घेतला, किती जणींनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आज त्या कोठे, किती वेतनावर काम करतात, हे प्रश्न संस्थेला विचारावेत. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ या शब्दांपेक्षा माजी विद्यार्थिनींशी झालेली भेट अधिक विश्वासार्ह असते. कुंभकोणमसारख्या जवळच्या शहरातील दोन-तीन पार्लरमध्ये नवशिक्या कामगारास काय वेतन मिळते, याची माहितीही स्वतः घ्यावी. संस्थेचा अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी संलग्न आहे काय, हेही पाहावे.

पुढे स्वतःचे पार्लर काढावयाचे असल्यास 2015 पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. परंतु शिक्षणाचा मोठा हप्ता आधीच डोक्यावर असेल, तर दुकानासाठी दुसरे कर्ज फेडणे कठीण जाते. यास्तव आरंभी निःशुल्क किंवा अल्प शुल्काचे प्रशिक्षण, त्यानंतर वर्षभर पार्लरमध्ये प्रत्यक्ष काम, आणि मगच आवश्यकता भासल्यास प्रगत अभ्यासक्रम, हा क्रम सामान्य कुटुंबासाठी अधिक सुरक्षित आहे. तोपर्यंत आपली कमाई किती, हे अंदाजाने नव्हे तर अनुभवाने ठाऊक झालेले असते.