पाताळगंगा उन्हाळ्यातही का वाहते? खोपोलीच्या पॉवरहाऊसची गोष्ट

सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या बऱ्याच छोट्या नद्या उन्हाळ्यात आटतात. खालापूर तालुक्यातली पाताळगंगा मात्र वाहत असते. कारण तिच्यात पावसाबरोबरच खोपोलीच्या पॉवरहाऊसमधून सुटणारं पाणीही येतं.

हे पॉवरहाऊस कशासाठी बांधलं?

मुंबईच्या कापड गिरण्या तेव्हा कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून आणावा लागायचा, धूरही प्रचंड. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र केंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळाली होती. मुंबईसाठी असंच काही व्हावं, हे जमशेदजी टाटांचं स्वप्न होतं. १९०४ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईकडे निघाली.

वीज कशी तयार होते?

लोणावळा, वळवण आणि शिरवटा तलावांचं पाणी पाइपांमधून ५०० मीटरहून जास्त खाली येतं आणि टर्बाइन फिरवतं. वापरलेलं पाणी पाताळगंगेत जातं. कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीचं केंद्र १९२२ मध्ये सुरू झालं. तिथे ठोकरवाडी धरणाचं पाणी येतं आणि पुढे उल्हास नदीला मिळतं.

मग वाद कशाचा?

हे पाणी मूळचं इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. अडवलं नसतं तर ते भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. म्हणूनच दुष्काळ पडला की हे पाणी पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात सोडा, अशी मागणी पुणे-सोलापूर भागातून होते. पण गेल्या शंभर वर्षांत घाटाखालीही या पाण्यावर बरंच काही उभं राहिलंय. पाताळगंगेवर रसायनी पट्ट्यातले कारखाने आहेत, तर उल्हास नदीवर बदलापूर, उल्हासनगर, कल्याणसारखी शहरं.

आज काय स्थिती आहे?

कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून थांबल्या. ज्यांच्यासाठी ही केंद्रं बांधली ते ग्राहक गेले, केंद्रं मात्र सुरू आहेत. खोपोलीची क्षमता ७२ मेगावॉट आहे. मुंबईची भूक पाहता हा आकडा छोटाच. त्यामुळे आता खरा प्रश्न विजेपेक्षा पाण्याचा आहे. खोपोलीचं पाणी थांबलं तर उन्हाळ्यातली पाताळगंगा कशी दिसेल, याचा विचार घाटाखालच्यांना करावा लागेल. आणि ते असंच वाहत राहिलं तर भीमाकाठचा प्रश्नही तसाच राहील.