शितावरून भाताची परीक्षा : फुटबॉल प्रशिक्षक आणि हंगामाचे पहिले सामने

युरोपातील फुटबॉलचा हंगाम साधारणतः ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. तथापि बहुतेक क्लबांच्या पाठीराख्यांना निकाल देण्यासाठी ३८ सामन्यांची गरज भासत नाही. तिसऱ्या-चौथ्या सामन्यापर्यंत प्रशिक्षक सुधारला आहे किंवा तो सुधारणेच्या पलीकडे गेला आहे, असा निवाडा झालेला असतो. हा निवाडा केवळ चहाच्या टेबलावर राहत नाही. तो स्टेडियममधील हुर्यो होऊन क्लबच्या मालकांपर्यंत पोहोचतो आणि अनेकदा प्रशिक्षकाच्या हकालपट्टीत त्याची परिणती होते. म्हणूनच पहिल्या काही सामन्यांवरून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

एकाच शहरातील दोन निवाडे

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण ऑगस्ट २०२१ मध्ये उत्तर लंडनने पुरवले. आर्सेनल आणि टॉटनहॅम हॉटस्पर हे तेथील दोन परंपरागत प्रतिस्पर्धी. आर्सेनलचे प्रशिक्षकपद डिसेंबर २०१९ पासून स्पेनच्या मिकेल आर्टेटाकडे होते. टॉटनहॅमने पोर्तुगालच्या नुनो एस्पिरिटो सांटोला नुकतेच आणले होते.

आर्सेनलने पहिले तिन्ही सामने गमावले. ब्रेंटफर्डकडून ०-२, चेल्सीकडून ०-२ आणि मँचेस्टर सिटीकडून ०-५. तीन सामन्यांत एकही गोल नाही, स्वतःवर मात्र नऊ गोल. गुणतक्त्यात संघ विसाव्या, म्हणजे अखेरच्या स्थानी होता. त्याच काळात टॉटनहॅमने सिटी, वुल्व्ज आणि वॉटफर्ड या तिघांनाही १-० असे हरवले. नऊ गुणांसह संघ अग्रस्थानी पोहोचला. ऑगस्ट महिन्याचा सर्वोत्तम प्रशिक्षक हा लीगचा पुरस्कार नुनोला मिळाला.

त्या दिवशी कोणाची नोकरी अधिक सुरक्षित आहे, असे विचारले असते तर उत्तर उघड होते. ते उत्तर दोनच महिन्यांत चुकीचे ठरले. टॉटनहॅमने पुढचे तिन्ही सामने गमावले. त्यांतील तिसरा, २६ सप्टेंबरचा, आर्सेनलविरुद्ध १-३ असा होता. ३० ऑक्टोबर रोजी घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडने टॉटनहॅमला ३-० असे नमवले आणि १ नोव्हेंबरला नुनोला दूर करण्यात आले. दहा सामन्यांतील पंधरा गुणांपैकी नऊ गुण पहिल्या तीन सामन्यांतले होते. आर्सेनल मात्र पहिल्या तीन पराभवांनंतर लीगमध्ये सलग आठ सामने अपराजित राहिला. त्यांत सहा विजय आणि दोन बरोबरी होत्या.

तीन सामन्यांत काय दडले होते?

आर्सेनलच्या पाठीराख्यांचा संताप अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. त्याआधीचे सलग दोन हंगाम संघ आठव्या स्थानावर राहिला होता. महासाथीमुळे जवळपास दीड वर्ष स्टेडियम पूर्ण भरले नव्हते. साचलेली निराशा व्यक्त करण्याची संधी प्रेक्षकांना चेल्सीविरुद्धच्या सामन्यात प्रथमच मिळाली आणि त्यांनी ती घेतली.

परंतु त्या तीन निकालांत प्रशिक्षकाचा वाटा किती होता, याचा हिशेब वेगळा निघतो. चेल्सी त्या वेळी युरोपचा विजेता होता आणि सिटी इंग्लंडचा. ब्रेंटफर्डविरुद्ध ऑबामेयांग आणि लाकाझेट हे दोन्ही प्रमुख आघाडीवीर आजारपणामुळे खेळू शकले नाहीत. बचावफळीतील गॅब्रिएल आणि मध्यरक्षक पार्टी तिन्ही सामन्यांना मुकले. सिटीविरुद्ध झाकाला पूर्वार्धातच लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सामना संघाला दहा खेळाडूंनिशी खेळावा लागला. उजव्या बगलेसाठी घेतलेला जपानचा टोमियासू तर ऑगस्टच्या अखेरच्या दिवशी करारबद्ध झाला. तो आणि गोलरक्षक रॅम्सडेल यांनी लीगमध्ये आर्सेनलकडून पहिला सामना खेळला तो ११ सप्टेंबरला, नॉर्विचविरुद्ध. म्हणजे ज्या संघाची परीक्षा घेतली गेली, तो प्रशिक्षकाने योजलेला संघच नव्हता.

याहून महत्त्वाचा पुरावा मागच्या हंगामात होता आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटला. २०२०-२१ मध्ये पहिल्या १४ सामन्यांत आर्सेनलला अवघे १४ गुण मिळाले होते. त्यानंतर २६ डिसेंबर २०२० रोजी आर्टेटाने साका, स्मिथ रो आणि मार्टिनेली या तरुणांना एकत्र उतरवले आणि चेल्सीला ३-१ असे हरवले. त्या दिवसापासून हंगामाच्या अखेरीपर्यंत २४ सामन्यांत संघाने ४७ गुण मिळवले. हा वेग पूर्ण हंगामभर टिकला असता तर ७४ गुण झाले असते. २४ सामन्यांची साक्ष तीन सामन्यांच्या साक्षीहून कितीतरी भरवशाची असते. मात्र माणसाची स्मृती ताज्या घटनेला झुकते माप देते.

हाच सावधपणा उलट्या दिशेनेही हवा. अपराजित राहिलेल्या त्या आठ सामन्यांपैकी तीन सामने नॉर्विच, बर्नली आणि वॉटफर्डविरुद्ध होते. हेच तीन संघ त्या हंगामाअखेर खालच्या श्रेणीत घसरले. म्हणजे सुरुवातीची पडझड जशी अंशतः खडतर वेळापत्रकाची देन होती, तशीच नंतरची उभारी अंशतः सोप्या वेळापत्रकाची होती.

गोल आणि संधी

फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. त्यामुळे एखाद्या सामन्यात चांगला खेळलेला संघ हरणे ही नेहमीची गोष्ट आहे. क्रिकेटमध्ये शेकडो धावांच्या हिशेबात एका चुकीचा परिणाम काहीसा झाकला जातो. फुटबॉलमध्ये मात्र खांबाला लागून बाहेर गेलेला चेंडू आणि खांबाला लागून आत गेलेला चेंडू यांत तीन गुणांचा फरक पडू शकतो.

ही अडचण ओळखून गेल्या काही वर्षांत ‘अपेक्षित गोल’ ही मोजणी रूढ झाली. प्रत्येक फटका कोठून, कोणत्या कोनातून आणि कशा स्थितीत मारला गेला, यावरून तो गोल होण्याची शक्यता काढली जाते. पेनल्टीला साधारण पाऊण गोल एवढे मोल दिले जाते. दूरवरून मारलेल्या फटक्याला त्याचा लहानसा अंश. सामन्यातील सर्व फटक्यांची बेरीज केली की संघाने किती दर्जेदार संधी निर्माण केल्या, याचा अंदाज येतो. नुनोच्या टॉटनहॅमने वुल्व्जला हरवले ते पेनल्टीवर. गोलसाठी अधिक प्रयत्न त्या दिवशी वुल्व्जने केले होते. विजयाच्या आनंदातही काही पाठीराखे संघाच्या खेळाविषयी साशंक होते आणि त्यांची शंका खरी ठरली. चाहता नेहमीच चुकतो असे नाही. गुणफलकाऐवजी खेळाकडे पाहणारा चाहता बहुधा कमी चुकतो.

घाईचे दोन प्रकार

घाईचा पहिला प्रकार म्हणजे लवकर शिक्षा. क्रिस्टल पॅलेसने २०१७ मध्ये हॉलंडच्या फ्रँक डी बोअरला नेमले. आयाक्सला सलग चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारा हा प्रशिक्षक लीगच्या चार सामन्यांनंतर, अवघ्या ७७ दिवसांत घरी पाठवला गेला. चारही सामने संघाने एकही गोल न करता गमावले होते. त्याच्या जागी आलेल्या रॉय हॉजसनचेही पहिले तीन सामने गोलविना पराभवात गेले. त्यानंतर पॅलेसने विद्यमान विजेत्या चेल्सीला २-१ असे हरवले आणि अखेर अकरावे स्थान मिळवले. हॉजसनला आठव्या सामन्याची संधी मिळाली. डी बोअरला पाचव्याचीही नाही. डी बोअर टिकला असता तर काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. घाईच्या निर्णयाची हीच गोम असते; तो चुकला की नाही, हे तपासण्याचा मार्गच उरत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे लवकर बक्षीस. इतिहासात प्रथमच सर्वोच्च श्रेणीत आलेल्या हल सिटीने २००८-०९ मध्ये पहिल्या नऊ सामन्यांत २० गुण मिळवले आणि आर्सेनललाही त्याच्याच मैदानावर हरवले. प्रशिक्षक फिल ब्राउनचे कौतुक सर्वत्र झाले. उरलेल्या २९ सामन्यांत हलला केवळ १५ गुण मिळाले आणि सतराव्या स्थानी राहून संघ जेमतेम वाचला. असाधारण सुरुवात, मग ती चांगली असो वा वाईट, पुढे बहुधा सरासरीकडे वळते. या वळणाचे श्रेय किंवा दोष मात्र त्या वेळी जो प्रशिक्षक असेल त्याच्या पदरात टाकला जातो.

फर्ग्युसनचा धडा

सुरुवातीच्या सामन्यांनी फसवल्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अॅलेक्स फर्ग्युसनचा. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये आला. १९८९-९० च्या हंगामाची सुरुवात युनायटेडने विद्यमान विजेत्या आर्सेनलला ४-१ असे हरवून केली. प्रशिक्षकाला अखेर सूर गवसला, असे पाठीराख्यांना वाटले. सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीने त्याच संघाला ५-१ असे लोळवले. डिसेंबरमध्ये तीन वर्षांच्या सबबींना कंटाळून फर्ग्युसनला निरोप देणारा फलक ओल्ड ट्रॅफर्डवर झळकला. लीगमध्ये संघ तेराव्या स्थानी राहिला.

म्हणजे ऑगस्टमधील आशा आणि डिसेंबरमधील निराशा, दोन्ही निवाडे अपुरे होते. जानेवारी १९९० मध्ये एफए चषकात मार्क रॉबिन्सच्या गोलने नॉटिंगहॅम फॉरेस्टवर १-० असा विजय मिळाला आणि मे महिन्यात युनायटेडने तो चषक जिंकला. पहिल्या लीग विजेतेपदासाठी १९९३ साल उजाडावे लागले. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर अशी १३ विजेतेपदे जमा झाली. मात्र प्रत्येक अपयशी प्रशिक्षकामध्ये एक फर्ग्युसन दडलेला असतो, असा याचा अर्थ नाही. संयम राखूनही ज्यांना यश आले नाही अशा क्लबांच्या कथा कोणी सांगत नाही, एवढाच फरक.

पाहावे काय?

मग पहिल्या महिन्यात चाहत्याने मत बनवूच नये का? तसे नाही. योग्य गोष्टी पाहिल्या तर पहिले सामनेही बोलतात. पहिली गोष्ट प्रतिस्पर्धी. मागच्या हंगामात त्याच संघाविरुद्ध, त्याच मैदानावर काय झाले होते, याच्याशी तुलना करावी. आर्सेनलने मागच्या हंगामात घरी चेल्सीला हरवले होते, पण सिटीच्या मैदानावर पराभवच पत्करला होता. या दोन सामन्यांपुरती पीछेहाट तीन गुणांची होती. गुणतक्त्यातील विसावे स्थान त्याहून कितीतरी भयंकर दिसत होते.

दुसरी गोष्ट उपलब्ध खेळाडू. तिसरी, संधींचा हिशेब. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, चुकांची पुनरावृत्ती. प्रशिक्षकाच्या हाती निकाल नसतो. सराव, रचना आणि निवड असते. एकाच प्रकारचा गोल वारंवार होऊ देणारा संघ शिकत नसतो. ब्रेंटफर्डचा दुसरा गोल लांब थ्रो-इनवर झाला होता. आर्सेनलने त्याच उन्हाळ्यात अशा स्थिर चेंडूंच्या सरावासाठी निकोलास जोव्हर या स्वतंत्र प्रशिक्षकाची नेमणूक केली होती. पुढील हंगामांत कॉर्नरवरील गोल ही आर्सेनलची ओळख बनली. सुधारणेचे बीज पराभवाच्या आधीच पेरले गेले होते. त्याला अंकुर फुटण्यास वेळ लागला.

आर्टेटाची २०२१-२२ मधील सुधारणा खरी होती, पण अपुरीही होती. संघाने ६१ वरून ६९ गुणांपर्यंत मजल मारली, पाचवे स्थान मिळवले, तरी चॅम्पियन्स लीगची संधी हुकली. मे महिन्यात ३-० असा पराभव करून ती हिरावून घेणारा टॉटनहॅमच ७१ गुणांसह चौथा आला. नुनोनंतर आलेल्या अँटोनियो कॉन्टेने २८ सामन्यांत ५६ गुण मिळवून दिले होते. म्हणजे प्रशिक्षक बदलणेही कधी कधी योग्य ठरते. आर्सेनल त्यानंतर २०२२-२३ मध्ये ८४ आणि २०२३-२४ मध्ये ८९ गुणांसह दुसरा आला. ज्याला टॉटनहॅमने दहा सामन्यांत निरोप दिला, त्याच नुनोने नॉटिंगहॅम फॉरेस्टला २०२४-२५ मध्ये सातव्या स्थानी नेऊन युरोपीय स्पर्धेची दारे उघडून दिली.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातील सगळा तांदूळ एकाच आचेवर शिजत असतो. फुटबॉल हंगामातील सामने तसे नसतात. प्रत्येकाची आच वेगळी, पाणी वेगळे. ऑगस्टमध्ये झाकण उघडून पाहण्यास हरकत नाही. भात बिघडला म्हणून भांडेच उपडे करण्यापूर्वी मात्र तो शिजायला किती वेळ मिळाला होता, हे विचारणे पाठीराख्यांच्याच हिताचे आहे. प्रशिक्षक जातो आणि दुसरीकडे काम मिळवतो. घाईच्या निर्णयाची किंमत मोजत वर्षानुवर्षे त्याच आसनावर बसून राहतो, तो पाठीराखाच.